निकेलवर दुसरा हात

तिने अंगठ्याचं नख रिव्हॉल्वरच्या नळीच्या तोंडाशी टेकवलं आणि हलकेच मागे ओढलं. नख अडकलं.

पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा तिथेच अडकलं. मोहरीच्या निम्म्याएवढा असेल, पण उंचवटा होता.

खिडकीपाशी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर धुऊन धुऊन मऊ झालेल्या बनियनच्या चिंध्या, तेलाची बारकी कुपी आणि पांढऱ्या पॉलिशची डबी. गोळ्या आधीच काढून पत्र्याच्या डबीत ठेवल्या होत्या. आत न्हाणीघरात नवरा दाढी करता करता बेसूर गुणगुणत होता. रविवारी सकाळी या घरात नवऱ्याची आणि रिव्हॉल्वरची आंघोळ एकाच वेळी चाले, आणि दोघांपैकी रिव्हॉल्वर जास्त स्वच्छ निघे, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

निकेलवर नख अडकत नाही. अडकलं तर आत काहीतरी बिनसलंय असं समजावं. हा मुलामा असतो कांद्याच्या पापुद्र्याएवढा. त्याच्या खाली तांब्याचा थर आणि तांब्याखाली पोलाद. मधलं तांबं वरच्याला आणि खालच्याला धरून असतं. तांब्यालाच कुणी खाल्लं तर वरचं निकेल आधी फुगतं आणि मग पोपडा होऊन सुटतं. तांब्याला असं खाणाऱ्या गोष्टी घरात फार नसतात. तिने नळी नाकाशी नेली.

अमोनियाचा वास आला. पुसट होता, पण अमोनियाच.

तिने रिव्हॉल्वर खाली ठेवलं आणि न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. गुणगुणणं चालूच होतं.

बावीस वर्षं हे काम तिचं होतं. नवरा जवाहिऱ्याच्या पेढीवर दाराशी बसायचा. सगळे त्याला जमादार म्हणत. कमरेला हे चकचकीत रिव्हॉल्वर. बावीस वर्षांत ते त्याने पेढीवर एकदाही उगारलं नव्हतं. पेढीच्या मालकाचं म्हणणं होतं की ते लांबून चमकलं की निम्मं काम होतं. म्हणजे नोकरी जमादाराची, पण चमक तिची. ती कापड एकाच दिशेने फिरवायची, पॉलिश बोटाच्या टोकाएवढंच घ्यायची, जास्त कधीच नाही, कारण प्रत्येक वेळी पॉलिश थोडं निकेलही घेऊन जातं. चामड्याच्या होल्स्टरात ती ते एक रात्रही ठेवू द्यायची नाही. चामडं ओल धरतं. जमादार घरी आला की आधी रिव्हॉल्वर कोरड्या फडक्यात जायचं आणि मगच त्याच्यापुढे चहा यायचा.

आणि आता या रिव्हॉल्वरला कुणीतरी अमोनिया लावला होता.

तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. सगळ्या अंगावर एक धुरकट साय आल्यासारखी दिसत होती. हे गेले काही महिने तिला खुपत होतं. कितीही पुसलं तरी साय जातच नव्हती. आता कारण सापडलं. कुणीतरी मधल्या दिवशी यावर उलटासुलटा हात फिरवत होतं.

मग तिला स्क्रू दिसले. मुठीपाशी दोन स्क्रू होते. त्यांच्या खाचेत ती कधी टोकदार काही घालत नसे, ओरखडा उठतो म्हणून. तरी आज खाचा आतून कोरून स्वच्छ केलेल्या होत्या. एका खाचेत काहीतरी लोंबत होतं. तिने नखांच्या चिमटीत धरून ओढलं. धागा होता, गडद जांभळा, फ्लॅनेलचा.

या घरात जांभळं फ्लॅनेल नव्हतं.

दुसरी एखादी बायको शर्टावर केस सापडला म्हणून हादरली असती. हिला केसाचं काही वाटलं नसतं. बावीस वर्षांत या रिव्हॉल्वरला तिच्याशिवाय कुणाचं कापड लागलं नव्हतं. तिने धागा पॉलिशच्या डबीच्या झाकणाखाली दाबून ठेवला.

जमादार गालावर टॉवेल दाबत बाहेर आला.

"झालं का गं?"

"होतंय." तिने मान वर केली नाही. "अहो, पेढीवर कुणी साफबीफ करतं का हे हल्ली?"

"छे! कोण करणार?"

"नाही, सहज विचारलं."

"तुझ्याशिवाय कुणाला जमतंय ते." तो म्हणाला आणि टॉवेल गळ्यात टाकून लगबगीने आत गेला. एका गालाला साबण तसाच राहिला होता. ज्याने बावीस वर्षं एका खुर्चीवर बसायचा पगार घेतला, त्या माणसाला लगबग शोभत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

*

ती स्वतः मुलाम्याच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना तिच्या मामांचा. नळाच्या तोट्या, सायकलच्या घंट्या, दवाखान्याचे चिमटे, ट्रम्पेटच्या कळा, असलं सगळं हौदात बुडवून निकेल किंवा क्रोम चढवून द्यायचं. शेवटच्या टेबलावर ती बसायची. तिने बघून डाव्या ट्रेमध्ये ठेवलं तर माल बांधायला जाई, उजव्या ट्रेमध्ये ठेवलं तर परत बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, घासायला. केसाएवढा डाग तिच्या नजरेतून सुटत नसे. सतराव्या वर्षी तिला तिथे 'भिंग' हे नाव पडलं. पुढे वय वाढलं तशी ती भिंगताई झाली. बाहेरगावचे व्यापारीसुद्धा विचारत, माल भिंगताईच्या हातून गेलाय ना? या नावाचा तिला गर्व होता आणि ती तो लपवतही नसे.

सोमवारी चहाच्या सुट्टीत ती बफवाल्याशेजारी जाऊन बसली. बफवाला तिच्याहून दहा वर्षांनी लहान, कानांत कापूस, भुवयांवर कायम पॉलिशची भुकटी.

"काय रे, गावात अमोनियाचं द्रावण कुठे मिळतं? नळी साफ करायचं?"

बफवाल्याचा कप तोंडाशीच थांबला.

"कशाला हवंय, ताई?"

"हवंय कुठे? कुठे मिळतं ते विचारलं."

"घड्याळाच्या मनोऱ्यामागे बंदूकवाल्याचं दुकान आहे ना, तिथे." त्याने चहाचा घोट घेतला. "बंदूकवाला तर गेला. मुलगाही गेला. आता त्याची सून बसते."

"सून?"

"विधवा आहे बिचारी. पण हात चांगला आहे म्हणे तिचा."

"तुला कुणी सांगितलं?"

"असंच. बोलतात लोक." तो उठला. कपात अर्धा चहा तसाच होता. हा माणूस कपाच्या तळाची साखर बोटाने चाटून खाणारा. त्याने अर्धा चहा टाकून उठावं म्हणजे यालाही काहीतरी माहीत होतं.

पुढचे दोन आठवडे ती डोळ्यांत तेल घालून नवऱ्याकडे बघत राहिली. शोधलं की सापडतं. दोन्ही गुरुवारी जेवणाचा डबा घरी आला तेव्हा तिने झाकण नाकाशी नेलं. भाजीच्या वासाखाली तोच झोंबरा वास. शुक्रवारी झाकणाला फक्त भाजीचा वास होता, शनिवारीही. म्हणजे दर गुरुवारी दुपारी जमादार दुसरीकडे कुठेतरी जेवत होता, आणि जिथे जेवत होता तिथे अमोनियाची उघडी बाटली होती. गुरुवारी तो रात्री जरा जास्तच मऊ बोलायचा, हेही तिच्या लक्षात आलं. आधी बोलत होता की नाही, ते मात्र तिला आठवेना.

विचारून टाकावं असं दहादा तिच्या जिभेवर आलं. पण विचारलं असतं तर त्याने कानांवर हात ठेवले असते, आणि मग कुठल्या तोंडाने त्याच्या मागावर जायचं? त्यापेक्षा डोळ्यांनी बघावं. डोळ्यांनी बघितलेल्यावर तिचा विश्वास होता.

पुढच्या गुरुवारी तिने मामांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. अकरा वर्षांतली पहिली. तिला वाटलं, मामा आकाशपाताळ एक करतील. माल पडलाय, कोण बघणार, असं म्हणतील.

"जा, जा," मामा म्हणाले. "बफवाला बघेल तुझे ट्रे. सावकाश ये."

म्हणजे मामासुद्धा! गावाला माहीत, कारखान्याला माहीत, आणि बायकोला तेवढं माहीत नाही. रागाने तिची कानशिलं तापली.

*

बंदूकवाल्याच्या दुकानासमोर छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची टपरी होती. तिथे उघड्या छत्र्या वाळत टांगलेल्या. ती त्यांच्याआड उभी राहिली. छत्रीवाल्याने दोनदा विचारलं, काय हवंय? तिसऱ्यांदा विचारू नये म्हणून तिने एक छत्री उघडून मिटून बघायला घेतली.

दुकानाची काच मोठी होती. आत मागच्या बाजूला खिडकीशी लांब बाक, आणि बाकाशी जमादार. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डबा एका कडेला झाकून ठेवलेला. तो खाली वाकून काहीतरी घासत होता. घासण्याची लय तिने लांबूनही ओळखली, ती तिची स्वतःची होती. एका दिशेने, मनगट न वळवता. बावीस वर्षं समोर बसून बघितलेलं तो आता दुसरीच्या दुकानात गिरवत होता. शेजारी बाई उभी होती. वय पस्तिशीचं, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर फडकं टाकलेलं. रंग इथून नीट कळत नव्हता, पण गडद होता. बाईने वाकून रिव्हॉल्वरवर एका जागी बोट ठेवलं. जमादार हसला. मग त्याने डबा उघडला आणि अर्धी पोळी तोडून तिच्यापुढे केली.

पोळी पहाटे उठून हिने केलेली होती.

तो निघून मनोऱ्याच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत ती थांबली. मग छत्री ठेवली आणि सरळ दुकानात शिरली.

"आता गेले ते कशाला आले होते?"

बाईने वर बघितलं. तिच्या खांद्यावर जांभळं फ्लॅनेल होतं. जवळून शंकाच उरली नाही.

"तुम्ही भिंगताई ना?" बाई एकदम उभी राहिली. "बसा ना. माझे सासरे तुमचं नाव काढायचे. म्हणायचे, निकेलचं काम त्या पोरीला दाखवून घ्या, मग मला."

"मी बसायला नाही आले. दर गुरुवारी ते इथे येतात ना?"

बाईने खांद्यावरचं फडकं काढून घडी घातली. ती मोडली. पुन्हा घातली.

"येतात."

"कशाला?"

"ताई, ते त्यांनाच विचारा. मला त्यांनी शपथ घातली आहे."

"कसली शपथ?"

"तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी."

इतकं सरळ उत्तर भिंगताईला अपेक्षित नव्हतं. चोर असा तोंडावर चोरी कबूल करत नाही. मग तिला जे नेहमी सुचतं तेच सुचलं, कामातली चूक.

"अमोनिया देता निकेलला? बंदूकवाल्याच्या घरची सून ना तुम्ही? नळीच्या तोंडाशी फोड आलाय. वर्षभरात पोपडा सुटेल."

बाईचा हात तोंडावर गेला.

"बाहेरून लावला त्यांनी? अहो, मी नळीच्या आतून फिरवायला दिलं होतं. परवान्याच्या चाचणीला गोळ्या झाडतात ना, त्याचं आत तांबं बसतं, ते काढायला. बाहेर लावू नका असं बजावलं होतं मी." ती खरोखर कळवळली होती. "घरी नेली असेल बाटली. पेढीवरही करत असतील. त्यांना वाटलं असेल, जोरदार औषध आहे, डाग लवकर जातील."

"कुठले डाग? माझ्या हातून गेलेल्या वस्तूवर डाग?"

बाईने नजर काउंटरकडे वळवली. ते नजर चुकवणं भिंगताईला बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. काउंटरवर दोन रिव्हॉल्वरं पडली होती, उघडी, रिकामी, चिठ्ठ्या लावलेली. तिने दोन्ही हातांत एक एक उचललं. या पोरीला निकेल म्हणजे काय ते आज शिकवूनच जायचं असं तिने ठरवलं.

"हे बघा. निकेल ओळखायचं ते अंगच्या रंगावरून. क्रोम थंड दिसतं, निळसर. निकेलला ऊब असते, किंचित पिवळी. ही दोन्ही बघा. दोन्हीला सारखी ऊब. निकेलच आहेत दोन्ही, एकाच हौदातली असावीत. असा हात पाहिजे. याला कुणी अमोनिया लावला तर मी त्याचे हात तोडीन."

"हो," बाई हळूच म्हणाली. "चांगलं काम आहे."

तिने भिंगताईच्या हातांतून दोन्ही रिव्हॉल्वरं घेतली. दोन्ही जांभळ्या फडक्यांत गुंडाळली. एक डाव्या खणात ठेवलं आणि दुसरं उजव्या खणात.

भिंगताईने ते बघितलं. मुलाम्याच्या धंद्यात हा नियम सगळीकडे पाळतात. निकेल आणि क्रोम एका खणात ठेवत नाहीत. क्रोम कडक असतं, निकेलला घासून ओरखडे काढतं. कारखान्यात दोन्हीचे ट्रे वेगळे, कपाटं वेगळी. एकाच हौदातली दोन निकेलची हत्यारं कुणी दोन खणांत ठेवत नाही.

बाईने खण लावले. मान खालीच होती.

"पाणी देऊ, ताई?"

"नको."

रस्त्यावर आल्यावर भिंगताई समोरच्या नळवाल्याच्या दुकानापुढे थांबली. दर्शनी फळीवर तोट्या टांगलेल्या होत्या. तिच्या कारखान्याच्या होत्या की नाहीत ते सांगता येईना. पूर्वी ती रस्त्याच्या पलीकडून सांगायची, तिसरी निकेल, बाकीच्या क्रोम. आता सगळ्याच तोट्या एकसारख्या होत्या, चहाच्या पाण्यातून बघाव्यात तशा. तिने उजवा डोळा झाकला. मग डावा. मग दोन्ही चोळले आणि पुन्हा बघितलं. नळवाल्याने विचारलं, काय देऊ? ती धुरकट साय तिने चार महिने कापडाने पुसली होती, तेलाने पुसली होती, आणि ती रिव्हॉल्वरवर नव्हतीच.

तिला तिची आई आठवली. आईच्याही डोळ्यांवर असाच पडदा आला होता. दवाखान्यात नेलं आणि एक डोळा कायमचा गेला. त्यानंतर या घरात डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. नाव काढलं की ती ताटावरून उठायची. जमादार एकदाच बोलला होता, खूप वर्षांपूर्वी. पुन्हा बोलला नाही.

ती घरी गेली नाही. कारखान्यात गेली.

बुधवारी तिने पास केलेले तीन ट्रे बांधायच्या खोलीत असायला हवे होते. ते बफवाल्याच्या टेबलावर होते. तो एकेक चिमटा उचलून दिव्याखाली बघत होता. काही डावीकडे ठेवत होता आणि काही उजवीकडे. उजवीकडचा ढीग लहान नव्हता.

तिला बघून तो उठला. कानांतला कापूस काढला.

"ताई, अर्धा दिवस होता ना तुमचा?"

"किती दिवसांपासून?"

"काय?"

"मूग गिळून बसू नकोस. किती दिवसांपासून बघतोस माझ्यामागून?"

"हिवाळ्यापासून." तो खाली बघत म्हणाला. "थोडंच राहायचं आधी. मामा म्हणाले, तिला काही बोलायचं नाही. जमादारही येऊन गेले एकदा. ते म्हणाले, तिचं नाव आहे, ते तसंच राहू दे."

तिला वाटलं, ट्रे उलथून टाकावा. सगळं गाव मिळून तिला बनवत होतं, आणि तेही फसवायला म्हणून नाही. दया करत होते! भिंगताईवर! तिने उजव्या ढिगातला एक चिमटा उचलला, नखाने चाचपला. सांध्यापाशी डाग होता, बोटाला खडबडीत लागणारा. हे चिमटे दवाखान्यात जाणार होते. तिने तो परत ढिगात ठेवला.

"घास," ती म्हणाली. "नीट घास."

*

शुक्रवार आणि शनिवार ती कुणाशी बोलली नाही. जमादाराने दोनदा विचारलं, बरं नाही का? तिने मान हलवली. ती रागावली होती, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून भांड्यांवर निघत होता. डोळ्यांबद्दल मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही. रात्री झोपताना ती छताकडे बघत एक डोळा मिटायची, मग दुसरा.

रविवारी सकाळी तिने वर्तमानपत्र पसरलं. चिंध्या, कुपी, डबी. जमादाराने रिव्हॉल्वर आणलं, खिडकीकडे नळी करून चक्री उघडली, गोळ्या मोजून डबीत टाकल्या आणि न्हाणीघराकडे वळला.

"बसा इथे," ती म्हणाली.

"दाढी करायची आहे."

"ती काही पळून जात नाही. बसा."

तो समोर बसला. तिने काम सुरू केलं. कापड एका दिशेने, मनगट न वळवता. तो तिच्या हातांकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. आज पहिल्यांदाच तिला दिसलं की तो तिच्या कापडामागून नजर फिरवतो आणि मधेच कुठेतरी नजर अडकते. मग पापणी हलते आणि नजर पुढे जाते. सगळं पुसून झाल्यावर तिने रिव्हॉल्वर त्याच्यापुढे धरलं.

"बघा. कुठे राहिलंय का?"

त्याने घेतलं, उजेडात फिरवलं, परत दिलं.

"छे! लख्ख झालंय."

"अहो, मी दुकानात जाऊन आले."

जमादार टेबलावरची चिंधी उचलून बोटाभोवती गुंडाळत बसला.

"ती काही बोलली नाही," भिंगताई म्हणाली. "पोर चांगली आहे. हातही चांगला आहे तिचा. बफवालाही काही बोलला नव्हता, मीच वदवून घेतलं. तुम्हाला चार महिन्यांत एकदाही वाटलं नाही बायकोला सांगावं?"

"काय सांगणार?" तो चिंधीकडेच बघत होता. "पेढीच्या मालकाने बोट फिरवून दाखवलं मला, पॉलिश वाळलंय म्हणून. घरी येऊन तुला काय सांगू? तुझ्यावर कुणी बोट ठेवलेलं मला नाही चालत. आणि सांगितलं असतं तर पुढे दवाखान्याचं नाव काढावं लागलं असतं. तू ताटावरून उठली असतीस."

"उठले असते."

"मग?"

"मग काय? उपाशी राहिले असते एक वेळ." तिचा आवाज चिरका झाला. "मला काय वाटलं असेल, याचा विचार केलात का? मी छत्र्यांमागे उभी होते, चोरासारखी. तुम्ही तिला माझी पोळी देताना बघत."

जमादाराने मान वर केली. त्याला आत्ता कुठे उमगलं असावं. तोंड उघडं राहिलं, आणि मग तो चक्क लाजला. पन्नाशी उलटलेला माणूस कानांपर्यंत लाल झाला.

"अगं, ती पोरगी... तिला जेवायला नव्हतं त्या दिवशी..."

"कळलं ते. पुढे बोलू नका." तिने त्याचा हात ओढून घेतला आणि अंगठा नळीच्या तोंडाशी टेकवला. "हे बघा. लागतंय? हे तुम्ही केलंत. अमोनियाने. दिसणार नाही तुम्हाला, लागेल."

त्याने नख ओढलं. नख अडकलं.

"लागलं," तो म्हणाला. "मी केलं हे?"

"तुम्हीच. आता सगळं उतरवून नव्याने चढवावं लागेल."

मग तिने रिव्हॉल्वर टेबलावर दोघांच्या मधोमध ठेवलं आणि आपला अंगठा त्याच्यापुढे केला.

"आता माझं दाखवा."

"राहू दे ना गं."

"दाखवा म्हणते ना."

त्याने तिचा अंगठा धरला. त्याने तो चापाच्या कडीखाली नेला. तिथे वाळलेलं पॉलिश खरखरीत लागलं.

"इथे," तो म्हणाला. मग चक्रीच्या खाचेत. "इथे." मग मुठीच्या वर. "आणि इथे. बास."

"खरं सांगा."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते. त्याने अंगठा पुन्हा उचलला आणि नळीच्या खालच्या अंगाने सावकाश पुढे नेऊ लागला. ती मोजत राहिली.

"गुरुवारी सुट्टी काढा," सातव्या जागेवर ती म्हणाली. "मी दवाखान्यात एकटी जाणार नाही."